वाफ्यातला धुरा

आमच्या कॉलनीत धुरा समिती होती आणि मी तिचा अध्यक्ष होतो, असं सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे हसतात. हसू देत. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून भोंग्यातून बोलण्यात माझी सगळी नोकरी गेली. बस आली तरी माझा आवाज तोच, नाही आली तरी तोच. चार पाहुण्यांच्या हसण्यानं असा माणूस डगमगत नसतो.

ज्यांना धुरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन शेतांच्या मधली सामाईक हद्द म्हणजे धुरा. आमच्या वऱ्हाडात सख्ख्या भावांचं बोलणं बंद व्हायला एवढं कारण पुरतं. आमचा धुरा मात्र शेतात नव्हता, फुलांच्या वाफ्यात होता, आणि तो वाफा सगळा मिळून तीन फूट रुंद होता. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे. कोणतं ते सांगत नाही, कारण नगरपालिकेत माझं एक काम अजून अडकलेलं आहे.

सुरुवात शेवंतीपासून झाली. माझी पत्नी पुष्पांजली साखरखेर्ड्याची. तिच्या आईच्या अंगणात पांढरी शेवंती असायची. दर दिवाळीला सासूबाई ओल्या फडक्यात फुलं बांधून साखरखेर्ड्याच्या गाडीनं पाठवायच्या. चालक तो पुडा फलाटावर माझ्या हातात द्यायचा आणि मी तो घरी न्यायचो. माझ्या सबंध नोकरीत नियमात न बसणारं असं पार्सल मी ते एकच स्वीकारलं. सासूबाई गेल्या, मेहुण्यानं अंगणात फरशी टाकली, आणि शेवंतीचा जो एक फुटवा उरला तो पुष्पांजली पदराखाली झाकून घेऊन आली. आमच्याकडे माती नव्हती. म्हणून तो तेलाच्या रिकाम्या पिप्यात, जिन्याच्या पायरीवर राहायला आला.

"मले फाटकाजवळ हातभर जागा करून द्या," पुष्पांजली म्हणाली. "पिप्यात नाही जगाची ते. पानं पिवये पडून राह्यले."

"आठ दिवसांत देतो," मी म्हणालो. मी शब्दाचा पक्का आहे. फक्त कोणते आठ दिवस, हे मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन बाहेर पडलो. आमच्या कंपाउंडची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये तीन फुटांची एक पट्टी आहे. सगळ्याच घरांसमोर आहे. तिथं गाजरगवत उगवतं आणि स्कुटरी उभ्या राहतात. मी देवाचं नाव घेऊन पहिला घाव घातला. खाली मुरूम. ठिणगी उडाली, कुदळीचा दांडा माझ्या हातात राहिला आणि कुदळ शेजारच्या युसूफभाईंच्या फाटकावर जाऊन वाजली.

युसूफभाईंचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. ते दात घासतच बाहेर आले. कुदळ उचलून त्यांनी माझ्या हातात दिली, पट्टीकडं पाहिलं, आणि अगदी सहज म्हणाले, "कंट्रोलर साहेब, हे जागा तुमची हाय का?"

"नाही. कंपाउंडच्या बाहेर आहे."

"मंग उद्या कोणी विचारलं तं?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. दुसऱ्या एखाद्या माणसानं म्हटलं असतं, विचारू दे. पण मी नियमातला माणूस. मी कुदळ खाली ठेवली. पुष्पांजली फाटकातून ऐकत होती. "विचारू द्या ना! मी सांगीन त्याले काय सांगाचं ते. तुमी हातभर खोदा अन् मोकये व्हा," ती म्हणाली. मी तिला समजावलं की अशानंच अतिक्रमणं वाढतात. त्यावर ती आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

मी नगरपालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी माझं म्हणणं फार शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "जागा तुमची आहे का?"

"नाही. म्हणूनच परवानगी मागायला आलो."

"तुमची नाही याला काही पुरावा?"

जे आपलं नाही ते आपलं नाही, याचा पुरावा माणूस कुठून आणणार? असे दाखले गोळा करायला निघालो तर बुलढाण्याचा राजूर घाट माझ्या नावावर नाही इथपासून सुरुवात करावी लागेल. साहेबांनी मला उद्यान विभागाकडे पाठवलं. उद्यान विभाग म्हणजे एक खुर्ची होती. खुर्चीवर एक शर्ट अडकवलेला होता आणि शर्टाचे मालक दौऱ्यावर होते. तीन-चार खेपा झाल्यावर एका दयाळू शिपायानं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "काका, ते पट्टी ले-आउटची आहे. तुमच्या मंडळाले विचारा. इथं काऊन येऊन राह्यले उनातान्हात?"

आमचं रहिवासी मंडळ म्हणजे झेंडावंदन, गणपती, जयंती आणि बोरची मोटर. अध्यक्ष किसनराव. शेती हिवरा आश्रमाकडे, घर कॉलनीत. त्यांच्या घरी पोर्च मोठा आणि खुर्च्या भरपूर, म्हणून ते अध्यक्ष. सचिव धम्मरत्न, आमच्या समोरच राहतो; पाटबंधाऱ्यात इंजिनिअर आहे आणि खिशात कायम मोजपट्टी असते. मी मंडळापुढं ठराव मांडला. म्हणालो, फक्त माझ्याच घरासमोर कशाला? प्रत्येक घरासमोर फुलांचा वाफा व्हावा, आणि त्याची निगा घरमालक व मंडळ यांनी मिळून राखावी. भाषण चांगलं झालं. मला स्वतःलाही आवडलं. टाळ्या पडल्या.

मग 'मिळून' म्हणजे काय, यावर चर्चा सुरू झाली.

धम्मरत्न म्हणाला, रोपं मंडळानं द्यावी, पाणी घरवाल्यानं. लगेच मागून कोणीतरी ओरडलं, नळ येतो आठ दिवसाआड, आम्ही प्यायचं की झाडांना घालायचं? कोणी म्हणालं, दुपारपर्यंत घरवाल्यानं बघावं, दुपारनंतर मंडळानं. युसूफभाईंनी ठिबकची नळी सुचवली; ती त्यांच्या दुकानात मिळते. हा गोंधळ ऐकून किसनरावांनी हात वर केला.

"एवढा इचार कायले करता बे? सीधा बटईचा मामला हाय. बी-खत मंडळाचं, मेहनत घरवाल्याची, पीक निम्मं-निम्मं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. आमच्या कॉलनीत इंजिनिअर आहेत, औषधवाले आहेत, मास्तर आहेत, पण प्रत्येकाचं कुठंतरी दोन-चार एकर शेत बटईनं दिलेलं आहे. दोघांनी मिळून एक गोष्ट सांभाळायची म्हणजे बटई, याहून वेगळी रीत आमच्या लोकांना ठाऊकच नाही. फक्त जनकाबाईंना शंका आली. जनकाबाई म्हणजे धम्मरत्नची आई. कोणत्याही सभेला त्या बोलावल्याशिवाय येतात आणि सगळ्यात पुढं बसतात.

"अन् गुलाबाले एकच फूल आलं तं? पाकया मोजाच्या का रे बाबू?"

आता यावर मी बोलायला नको होतं. पण सभेत शांतता पसरली की माझा हात आपोआप भोंग्याकडे जातो. मी उठून म्हणालो, "फुलं कशाला वाटता? वाफाच वाटून घ्या. घराकडची बाजू घरवाल्याची, रस्त्याकडची मंडळाची. ज्याची त्यानं सांभाळावी."

"मंग मंधात धुरा पाहिजे," किसनराव म्हणाले.

मी हसलो. आणि बघतो तर दुसरं कोणीच हसत नव्हतं. सगळे गंभीरपणे माना हलवत होते. किसनरावांनी सांगितलं की धुरा फूटभर तरी ठेवावाच. त्यांच्या चुलतभावानं वीतभर ठेवला आणि आता तारखांवर जातो. धम्मरत्ननं पट्टी काढून हवेतच मापं घेतली. तीन फुटांचा वाफा: एक फूट घराचा, एक फूट मंडळाचा, एक फूट धुरा. त्या धुऱ्यावर देखरेख करायला एक निःपक्षपाती माणूस हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली, पण फार वेळ नाही.

घरी येताना पुष्पांजली म्हणाली, "म्हंजे मले आता फूटभर जागा?"

"मागितली होतीस हातभर, मिळाली फूटभर. शिवाय कायदेशीर."

"हात दीड फुटाचा असते," ती म्हणाली. गणितात ती माझ्यापेक्षा नेहमीच बरी होती.

मुरमात काही उगवणार नाही म्हणून काळी माती आणायचं ठरलं. किसनरावांनी मोठ्या मनानं आपल्या शेतातून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून पाठवली. धुरा समितीच्या अध्यक्षांचं घर म्हणून ट्रॉली आमच्या फाटकासमोर उलटी करण्यात आली. फाटक बाहेर उघडतं. त्यामुळं कॉलनीभर माती वाटून होईपर्यंत मी भिंतीवरून ये-जा करत होतो. एकदा दुधाची किटली सांभाळताना माझी पँट भिंतीवरच्या काचेला लागून फाटली. त्या वेळी समोरून जनकाबाईंनी विचारलं, "समितीची पाहणी चालू हाय का?" मी "होय" म्हणून किटली खाली टेकवली.

माती पडली. धम्मरत्ननं सुतळी ताणली, दोन्ही टोकांना दगड रोवले, मधे मातीचा वरंबा घालून तो पायानं दाबला. धुरा तयार झाला. मी आमच्या भागात गुलाब लावले. रोपवाटिकेतून आणलेले, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी. पुष्पांजली पिपा घेऊन शेजारी उभी होती.

"अन् शेवंती?"

"शेवंती दुसऱ्या टप्प्यात," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पिपा पुन्हा जिन्यावर नेऊन ठेवला. फलाटावर मी हजारो माणसांचे डोळे वाचले आहेत. कोणाला कुठं जायचंय ते मी न विचारता सांगत असे. त्या दिवशी मात्र मी गुलाबाच्या पट्ट्या वाचत होतो.

थोड्याच दिवसांत वाफ्यात अंकुर दिसले. दाट, टवटवीत, आमच्या भागात आणि मंडळाच्या भागातही. मी सकाळीच कॉलनीत जाहीर केलं की काम आमच्या अपेक्षेपेक्षा पुढं आहे. लोक बघायला आले. जनकाबाई वाकल्या, दोन पानं बोटांत धरली आणि एकदम मागे सरल्या.

"अव माय! हे तं सोयाबीन हाय!"

किसनरावांची माती सोयाबीनच्या शेतातली होती. मागच्या हंगामात शेंगा फुटून पडलेले दाणे तिच्यात होते. आता सगळ्या कॉलनीत, घराघरासमोर, सोयाबीन उगवलं होतं. मी बसलो आणि भराभर उपटायला लागलो. तेवढ्यात किसनरावांची मोटारसायकल करकचून थांबली.

"थांबा, साहेब, थांबा! काय करून राह्यले तुमी?"

"तण काढतोय."

"तण?" त्यांचा आवाज कापला. "घरचं बियाणं हाय ते! साहेब, उभं पीक उपटाचं नसते. पाप लागते."

मी बाकीच्यांकडं पाहिलं. औषधवाल्यानं मान खाली घातली. धम्मरत्न पुटपुटला, "ते तं आहेच." एकानंही कॉलनीत सोयाबीन उपटलं नाही. शिकलेसवरलेले लोक, पण उभ्या पिकाला हात लावायचा म्हटलं की सगळ्यांच्या अंगात एकच शेतकरी येतो. खोटं कशाला बोलू, त्यानंतर माझाही हात धजावला नाही.

पुढचे दोन-अडीच महिने मी जे सोसलं ते फक्त माझं मला माहीत. सकाळी फिरायला जाणारे लोक माझ्या फाटकाशी थांबून विचारायचे, "दुसरा फवारा झाला का?" एकानं पान उलटं करून अळी दाखवली आणि मी निष्काळजी आहे असं माझ्या तोंडावर सांगितलं. लोणारहून आलेले एक पाहुणे एकरी उतारा विचारून गेले. सोयाबीन कमरेला लागायला आलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांत घुसलं. माझे गुलाब त्याच्या सावलीत एक-एक करून गेले आणि मातीत नुसत्या नावाच्या पट्ट्या उरल्या.

तरी मी खचलो नाही, कारण माझ्याकडं धुरा होता. आणि धुऱ्याचं काम वाढत चाललं होतं. कॉलनीच्या पलीकडच्या टोकाला एका मास्तरांनी तक्रार केली की मंडळाच्या बाजूनं धुरा कोरला जातोय. मंडळाच्या माणसांनी सांगितलं की मास्तरच रोज खुरप्यानं चार बोटं सरकतात. मी पट्टी घेऊन गेलो. दोघांनीही मला सांगितलं की मी समोरच्याला सामील आहे. तेव्हापासून मी रोज सकाळी पाहणी सुरू केली. एकेक धुरा मोजायचा, ढासळला तर दाबून घ्यायचा. फक्त माझ्या घरासमोरचा धुरा मी कधी तपासला नाही. अध्यक्षाच्या घरासमोर काय तपासायचं? शिवाय सोयाबीनमधून तो दिसतही नव्हता.

मग जनकाबाईंनी आपल्या घरासमोरच्या धुऱ्यावर अंबाडी लावली.

"धुरा रिकामा काऊन ठेवाचा?" त्या म्हणाल्या. "आमच्या गावाले धुऱ्यावर अंबाडीच रायते."

त्यांची अंबाडी बघून युसूफभाईंच्या बिलकिसभाभींनी आपल्या धुऱ्यावर पुदिना टोचला. मंडळाचे लोक म्हणाले, धुरा सामाईक, तेव्हा निम्मी अंबाडी आमची. झालं, सभा बोलवावी लागली. त्या सभेत मी जे बोललो ते माझ्या सार्वजनिक आयुष्यातलं सर्वात ठाम भाषण होतं. मी म्हणालो, "हद्दीची जागा हद्दीसारखी राहिली पाहिजे. धुऱ्यावर कोणीही काहीही लावू नये. लावल्यास समितीच्या अध्यक्षानं ते स्वतः, सगळ्यांसमक्ष, उपटून टाकावं." 'स्वतः' आणि 'सगळ्यांसमक्ष' हे दोन शब्द माझ्या खास आग्रहावरून घातले गेले. धम्मरत्ननं विचारलं होतं, एवढं कशाला? मी म्हणालो, असू दे, धाक राहतो.

बिलकिसभाभींनी पुदिना कुंडीत हलवला. जनकाबाईंनी अंबाडी माझ्या हातानं उपटू दिली नाही. स्वतःच काढली, भाजी केली आणि संध्याकाळी वाटीभर मला आणून दिली. "खाय बाबू, तुहा कायदा," असं म्हणून त्या गेल्या. भाजी फार चांगली झाली होती, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

त्याच सुमाराला एकदा जिन्यावरून उतरताना मला पिपा दिसला. रिकामा, धुऊन पालथा घातलेला. मी पुष्पांजलीला विचारलं, "शेवंती गेली का?"

"लागली जिथं लागाची तिथं," ती भाकरी थापत म्हणाली.

मला वाटलं, दिली असेल बिलकिसभाभींना कुंडीत लावायला. दोघी रोज संध्याकाळी बादली घेऊन फाटकाबाहेर उभ्या असायच्या, बोलत. मला समितीची कामं होती. मी पुढं विचारलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन पिवळं पडलं, पानं गळाली. किसनरावांनी दवंडी पिटल्यासारखं घरोघर सांगितलं की रविवारी सोंगणी. सगळी कॉलनी विळे घेऊन हजर झाली. लग्नाला येत नाहीत एवढे लोक आले. कोणाच्या तरी घरून चहा आला, कोणी मोबाइलवर गाणी लावली. मान म्हणून सुरुवात माझ्या घरापासून करायचं ठरलं. किसनरावांनी मातीला हात लावून नमस्कार केला आणि आम्ही कापत निघालो. मी घराकडून, ते रस्त्याकडून. अर्ध्यापर्यंत आलो असू, तेवढ्यात किसनरावांचा विळा हवेतच थांबला.

धुऱ्यावर शेवंती होती.

एक झाड नव्हे, फुटव्यांचं चांगलं जाळं झालं होतं. फाटकाच्या खांबापासून हात-दीड हात पसरलेलं, सोयाबीनच्या सावलीतून उजेडाकडं माना काढून थोडं वाकडं झालेलं. कळ्यांनी भरलेलं. एक फूल अर्धवट उमललं होतं, पांढरं. बुडाशी माती भुसभुशीत होती आणि ओली होती. कोणीतरी रोज पाणी घालत होतं.

गाणं बंद झालं. मग जनकाबाई पुढं आल्या आणि माझा नियम त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवला. शेवटचे शब्द जरा सावकाश म्हणाल्या. "सोता. सगळ्याइसमोर."

"कोणी लावलं हे?" मी भोंग्याच्या आवाजात विचारलं. आवाज चांगला निघाला.

"मी," फाटकातून पुष्पांजली म्हणाली. हात ओले होते, ती ते पदराला पुसत होती. "घराच्या बाजूले तुमचे गुलाब होते. पल्याडच्या बाजूले मंडळ होतं. मंधात कोणी नव्हतं. म्हणून लावली."

मी विळा खाली ठेवला.

"उपटा," ती म्हणाली. "नियम हाय तुमचा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. ती नुसती उभी होती. मी खाली बसलो. खरंच बसलो, सगळे बघत होते आणि नियम माझा होता. बुडाशी हात घातला. पानं चुरगळली आणि वास आला.

तो वास मला ओळखीचा होता. दर दिवाळीला साखरखेर्ड्याच्या गाडीतून माझ्या हातात यायचा तोच. ओलं फडकं, त्यातून ठिबकणारं पाणी, आणि घरी गेल्यावर पुष्पांजलीचा तो पुडा घेताना होणारा चेहरा. सासूबाई गेल्यापासून पुडा आला नव्हता. आणि मी या बाईला सांगितलं होतं, दुसऱ्या टप्प्यात. माझी मलाच फार लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पुढची घोषणा सुचेना.

किसनराव माझ्याशेजारी उकिडवे बसले. हळूच म्हणाले, "साहेब, कळ्या धरल्या हायेत. उभं पीक हाय. नका उपटू."

"पण नियम..."

"नियम तं हाय," त्यांनी कबूल केलं, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

नियम रद्द करा, असं मी म्हणू शकलो असतो. पण ज्या नियमाखाली जनकाबाईंची अंबाडी गेली तो बायकोच्या शेवंतीसाठी रद्द करणारा अध्यक्ष मला व्हायचं नव्हतं. माणसाला काही अब्रू असते. मी उभा राहिलो, गुडघे झटकले, घसा खाकरला.

"सूचना," मी म्हणालो. "पीक निघालं आहे. घराचा भाग रिकामा झाला, मंडळाचा भाग रिकामा होत आहे. धुरा समितीच्या अधिकारात सर्वांना कळवण्यात येतं की धुरा रुंद करण्यात येत आहे. घराकडून एक फूट, मंडळाकडून एक फूट."

धम्मरत्ननं सवयीनं पट्टी काढली. मोजलं, पुन्हा मोजलं. "काका, असं केलं तं धुरा तीन फूट होते. वाफा उरतच नाही."

"नाही उरत."

किसनराव कापलेल्या सोयाबीनच्या ढिगावर मटकन बसले. "आजलोक शेतानं धुरा खाल्लेला पाह्यला," ते म्हणाले. "धुऱ्यानं शेत खाल्लं, हे मी पयल्यांदाच पाहून राह्यलो." आणि ते हसायला लागले. मग सगळीच कॉलनी हसली. यावेळी मीही हसलो.

"पण साहेब," युसूफभाईंनी विचारलं, "धुऱ्यावर काही लावाचं नाही, त्या नियमाचं काय?"

उत्तर जनकाबाईंनी दिलं. "तो नियम फूटभर धुऱ्याचा होता रे बाबू. हा धुरा नवा हाय." असं म्हणून त्या तडक घरी गेल्या आणि अंबाडीचं बी घेऊन आल्या. हंगाम नव्हता, पण त्यांना कोण सांगणार?

आता आमच्या कॉलनीत वाफे नाहीत. नुसते धुरे आहेत. बिलकिसभाभींचा पुदिना कुंडीतून परत खाली उतरला आणि दोन घरं पुढं गेला. शेवंतीचे फुटवे मागायला लोक आमच्याकडं येतात. पाणी घराचं की मंडळाचं, हा प्रश्न निघत नाही. ज्याची बादली भरलेली असेल तो ओततो. धुरा समिती बरखास्त झाली. सोयाबीनच्या वाटणीवरून किसनराव आणि मास्तर यांचं थोडं वाजलं, पण त्यात मी पडलो नाही.

दिवाळीच्या सकाळी मी ओसरीत पेपर वाचत बसलो होतो. पुष्पांजली फाटकाबाहेर होती. बराच वेळ ती वाकून काहीतरी करत होती. मग फाटक वाजलं आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात ओल्या फडक्याचा पुडा होता. खालून पाणी ठिबकत होतं.

"कंट्रोलर साहेब," ती म्हणाली, "पार्सल हाय. साखरखेर्ड्याहून."

मी उठून उभा राहिलो आणि पुडा दोन्ही हातांनी घेतला. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून विचारलं, "सही कुठं करायची?"

"सही नाही लागत," ती म्हणाली. "पाणी टाकत जा रोज."